गावात दवाखाना झाला

मोर्शी तालुक्यातल्या एखाद्या गावी आरोग्य उपकेंद्राच्या नव्या इमारतीचं लोकार्पण ठरलं की गाव आधीपासूनच कामाला लागतं. ग्रामपंचायत रस्ता झाडून घेते, बचत गटाच्या बायका आवारभर रांगोळी घालतात, शाळेची मुलं लेझमाचा सराव करतात. त्या दिवशी सकाळी गुरुदेव सेवा मंडळाची मंडळी भगव्या टोप्या घालून खंजिरीवर भजनं म्हणत येतात. बायका डोक्यावर कलश घेऊन दारापर्यंत मिरवत जातात. फीत कापली जाते, कोनशिलेवरचा पडदा सरकतो, पुढाऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची भाषणं होतात. मग पंगत बसते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. वऱ्हाडात सगळ्या गावाचा आनंद असा रोडग्यांनीच साजरा होतो.

इमारत तशी लहानच असते. एक तपासणीची खोली, लसीकरणाची जागा, औषधांचं कपाट, कुठे प्रसूतीचं टेबल, मागे नर्सबाईंना राहायला दोन खोल्या. शहरातल्या माणसाला वाटेल, एवढ्यासाठी एवढा सोहळा? पण गावातल्या म्हाताऱ्या बायका त्या खोल्या हात लावून लावून बघतात, प्रसूतीच्या टेबलापाशी थांबतात, नळ उघडून पाणी येतं का ते पाहतात. त्यांच्यातल्या कित्येकींची बाळंतपणं घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून झालेली असतात, आणि सगळीच लेकरं हाती लागलेली नसतात.

हा आनंद रास्त आहे. तो का रास्त आहे, हे कळायला आधी मोर्शीची जमीन आणि मोर्शीची अंतरं बघावी लागतात.

मोर्शी म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा मुलूख. उत्तरेला मध्य प्रदेशाची हद्द, तिथे सालबर्डीचा महादेव आणि त्याची महाशिवरात्रीची यात्रा. याच तालुक्यात महानुभावांचं रिद्धपूर आहे आणि पिंगळाई देवीचं नेरपिंगळाई आहे. सिंभोऱ्याला वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. मोर्शी आणि शेजारचा वरुड मिळून संत्र्याचा पट्टा होतो. जमीन काळी, कसदार, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी. संत्र्याला आणि कपाशीला ही जमीन मानवते. पोटुशी बाई बंडीत घालून निघालेल्या माणसाला मात्र याच जमिनीने वर्षानुवर्षं घाम फोडला. वावरातून निघणारा पांदण रस्ता आषाढात चिखलाने भरला की बैल गुडघाभर रुततात, चाक अडकतं, आणि डांबरी सडक दिसत असूनही तिथवर पोचायला तास लागतो.

तिथून पुढची वाट वऱ्हाडात सगळ्यांना पाठ आहे. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून मोर्शीचं उपजिल्हा रुग्णालय, तिथेही भागलं नाही तर पन्नासहून अधिक किलोमीटरवरची अमरावती. जिल्हा सामान्य रुग्णालयाला लोक अजूनही इर्विन म्हणतात आणि स्त्री रुग्णालयाला डफरीन. ‘इर्विनला न्या’ हे शब्द कानावर पडले की घरातलं माणूस पैसे मोजायला लागतं आणि गाडी कोणाची मिळेल ते शोधायला लागतं. २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली आणि ही धावपळ बरीच कमी झाली. पण रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ कोणाच्या तरी हाताखाली जावा लागतो. तो हात उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा.

सरकारी आरोग्यव्यवस्थेतली सर्वांत खालची, म्हणजे लोकांच्या सर्वांत जवळची पायरी म्हणजे उपकेंद्र. सपाट मुलखात ५,००० लोकवस्तीला एक, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० ला एक, असा निकष आहे. त्याच्या वर ३०,००० लोकांमागे (आदिवासी भागात २०,०००) एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं राज्याच्या आरोग्य खात्याकडे. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हापासूनची ही वाटणी आहे. गावाच्या दृष्टीने तिचा फायदा असा की, नर्सबाई येत नाहीत, औषध संपलं, छत गळतं, ही तक्रार घेऊन जायला जिल्हा परिषद सदस्य नावाचा ओळखीचा माणूस असतो. तोटा असा की, प्राथमिक केंद्रातून मोर्शीच्या रुग्णालयात पाठवलेला रुग्ण एका कारभारातून दुसऱ्या कारभारात जातो, आणि त्याची हकिगत सांगणारी चिठ्ठी नीट लिहिलेली नसली तर तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

या सगळ्या रचनेचा मूळ आराखडा ज्या समितीने आखला तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर जन्माने नाशिकचे. १९४३ साली ही समिती नेमली गेली, १९४६ साली तिचा अहवाल आला. खेड्यातल्या माणसाच्या खिशात पैसे नाहीत म्हणून त्याला उपचार मिळू नयेत, असं होता कामा नये, हा त्या अहवालाचा पाया होता. तातडीची योजना म्हणून भोर समितीने ४०,००० लोकांमागे एक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर, नर्सेस, सुईणी, औषधनिर्माता असा ताफा सुचवला. दूरची योजना याहून फार मोठी होती. दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचं रुग्णालय! आज सहा खाटांचं प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकांना पुरवायचं असतं. ऐंशी वर्षांपूर्वी, महायुद्ध नुकतंच संपलेलं आणि देश परतंत्र असताना ज्यांनी एवढं मोठं मागितलं, त्यांची मागणी आजही पुरी झालेली नाही, हे लोकार्पणाच्या भाषणात कोणीतरी सांगायला हवं. गावाला मिळालेली इमारत ही देणगी नाही. फार जुन्या देण्याचा तो एक हप्ता आहे.

२ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर गटागटाला प्राथमिक आरोग्य केंद्रं येऊ लागली. त्या काळी गावात येणारे आरोग्य खात्याचे लोक वेगवेगळे असत. देवीची लस टोचणारा वेगळा, हिवतापासाठी रक्ताचा नमुना घेणारा वेगळा, कुटुंबनियोजनाचं सांगणारा वेगळा. १९७३ साली कर्तारसिंग समितीने ही सगळी कामं एकत्र करून गावपातळीवर एक बाई आणि एक पुरुष असे बहुउद्देशीय कर्मचारी नेमायला सांगितलं. आजच्या उपकेंद्रातली आरोग्य सेविका (गावाची नर्सबाई) आणि आरोग्य सेवक ही जोडी तिथून आली. ‘बहुउद्देशीय’ या शब्दाचा भार मात्र जास्त करून सेविकेवरच पडला. गरोदरपणाची नोंद तिच्याकडे, बाळंतपण तिच्याकडे, लसीकरण, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी बायकांना नेणं, जन्ममृत्यूची माहिती, साथ आली की घरोघर फिरणं, आणि या सगळ्याची रजिस्टरं. तिच्या कामाचा दिवस नीट पाहिला तर सरकारी आरोग्यसेवा म्हणजे नेमकं काय, हे कोणत्याही अहवालापेक्षा जास्त समजतं.

लसीकरणाचा दिवस घ्या. लस प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीत, २ ते ८ अंश तापमानात ठेवलेली असते. सकाळी ती छोट्या निळ्या पेटीतून उपकेंद्रात येते. पेटीच्या चारही बाजूंना बर्फाचे पॅक उभे लावतात, पण फ्रीजरमधून काढले आणि लावले असं करून चालत नाही. ते थोडा वेळ बाहेर ठेवावे लागतात. पॅकवर पाण्याचे थेंब जमले आणि कानाशी हलवून आत पाणी हलल्याचा आवाज आला की मगच तो पेटीत जातो. कारण काही लसी उन्हाने बिघडतात तशा काही गोठल्याने बिघडतात. पेंटाव्हॅलंट गोठली की कुचकामी होते, आणि बाटलीकडे नुसतं पाहून ते कळेलच असं नाही. पोलिओच्या बाटलीवर एक छोटी खूण असते, गोलात चौकोन. चौकोनाचा रंग गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चांगली. दोन्हींचा रंग एक झाला की बाटली टाकून द्यायची. गोवर-रुबेलाची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकायची. मे महिन्यात मोर्शीचा पारा ४५ च्या आसपास जातो. अशा दिवसात ती निळी पेटी सावलीत ठेवून, झाकण कमीत कमी वेळा उघडून, रडणाऱ्या लेकराच्या मांडीत सुई नेमकी टोचणारी आणि टोचल्यावर आईला अर्धा तास थांबवून घेणारी सेविका कसबी कारागीर आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला आढळला. २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ही गोष्ट अशा लाखो पेट्यांमधून घडली आहे.

सेविकेच्या जोडीला उभी असते आशा. १२ एप्रिल २००५ ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई आशा म्हणून निवडली जाऊ लागली. या विचारामागे महाराष्ट्राचाच अनुभव मोठा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं आणि अक्षरओळखही नसलेल्या बायकांना गावाची आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार केलं. पाच वर्षांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचं प्रकरण छापून आलं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळाची काळजी घरीच कशी घ्यायची हे गावातल्या बायकांना शिकवलं. त्या कामाचा निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून देशभरातली आशा बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, वजन करते, ताप पाहते, श्वास मोजते, आई अंगावर पाजते का ते बघते. दवाखान्यात झालेल्या बाळंतपणाला ही भेट नसती तर निम्मं काम राहून गेलं असतं. आणि हे काम करणाऱ्या आशांना मात्र मानधनासाठी २०२३-२४ मध्ये संपावर जावं लागलं, मुंबईला आझाद मैदानात बसावं लागलं. लोकार्पणाच्या मंचावर आशांना साडीचोळी देऊन सत्कार होतो, तो व्हावाच. त्याहून मोठा सत्कार म्हणजे महिन्याच्या महिन्याला खात्यात पैसे पडणं.

याच अमरावती जिल्ह्याचं दुसरं टोक म्हणजे मेळघाट. दवाखाना इमारतीने होतो की माणसाने, याचं उत्तर तिथे शोधावं.

नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले डॉ. रवींद्र कोल्हे १९८० च्या दशकात धारणी तालुक्यातल्या बैरागडला गेले. हरिसालपर्यंत गाडी आणि तिथून पुढे ४० किलोमीटर पायी, असा तो रस्ता. जाण्याआधी सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी त्यांना सांगितलं होतं की, तिथे जायचं तर सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करता आलं पाहिजे, एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे, हगवण आटोक्यात आणता आली पाहिजे. हे शिकायला ते मुंबईला जाऊन राहिले आणि मग बैरागडला आले. पहिल्या तपासणीला दोन रुपये, नंतरच्या खेपेला एक रुपया, ही त्यांची फी. पुढे हाताला मोठी इजा झालेला एक रुग्ण आला, आपलं शिक्षण तोकडं पडतंय हे त्यांना जाणवलं, तेव्हा ते परत जाऊन एमडी करून आले. लग्न करताना अटी घातल्या: चाळीस किलोमीटर चालता आलं पाहिजे, लग्न पाच रुपयांत कोर्टात होईल, घर महिन्याला चारशे रुपयांत चालवावं लागेल, आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागावी लागेल. नागपूरला स्वतःचा दवाखाना असलेल्या स्मिताताईंनी त्या मान्य केल्या. त्यांच्या पोटच्या बाळाचा जन्म बैरागडलाच झाला, बाळ गंभीर आजारी पडलं, आणि त्यांनी शहरात न नेता तिथेच उपचार करायचं ठरवलं. तिथल्या कोरकू आदिवासी बायकांना या डॉक्टरणीबद्दल जो विश्वास वाटू लागला तो तेव्हापासून. बांधकाम मंत्री असताना नितीन गडकरी भेटीला आले आणि घर बांधून देतो म्हणाले, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी रस्ते मागितले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

मेळघाटात धारणीजवळ उतावलीला डॉ. आशीष आणि डॉ. कविता सातव यांनी ‘महान’ संस्थेचं आदिवासी रुग्णालय उभं केलं, तेही झोपडीपासून सुरुवात करून. या दोन्ही ठिकाणांत एक गोष्ट सारखी आहे. डॉक्टर तिथे राहिले. रात्री दोन वाजता दार वाजलं तर आतून आवाज येतो, हे आदिवासींना ठाऊक झालं, आणि मग भूमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे जाणारी पावलं हळूहळू दवाखान्याकडे वळली.

गडचिरोलीत आणखी एक गोष्ट घडली, जिचं मोल लोकार्पण करणाऱ्या प्रत्येक गावाने जाणावं. बंग दाम्पत्याने गोंड लोकांना विचारलं की तुम्ही रुग्णालयात का येत नाही? लोकांनी सांगितलं, तिथल्या मोठ्या इमारतींची भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आमच्याकडे मढ्याला पांढरं गुंडाळतात. नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि तिथे आमचा देव नाही. मग ‘सर्च’चं शोधग्राममधलं रुग्णालय झोपड्यांच्या पाड्यासारखं बांधलं गेलं, नातेवाइकांना सोबत राहायची सोय झाली, आणि नाव ठेवलं ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’. दंतेश्वरीची तिथे जत्रा भरते आणि त्या जत्रेत लोक आपल्या आरोग्याचे प्रश्न मांडतात, कोणत्या प्रश्नावर काम व्हावं ते सांगतात. दवाखान्याचा सोहळा एका दिवसात संपू न देण्याची ही मोठी शहाणी रीत आहे. मोर्शीतल्या गावांना ती परकी वाटण्याचं कारण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम याच जिल्ह्यात मोझरीला आहे, आणि १९५५ च्या ग्रामगीतेत ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. गाडगेबाबा जिल्ह्यातल्याच शेंडगावचे. झाडू हाती घेऊन गावं स्वच्छ करणारा हा माणूस रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळांचा विचार करत होता. आजारपण ही सगळ्या गावाची गोष्ट आहे, हे वऱ्हाडाला कोणी नव्याने शिकवायला नको.

सेवाग्राममध्ये तर १९८० च्या सुमारास डॉ. जाजूंनी आरोग्य विम्याचा हप्ता ज्वारीत घ्यायला सुरुवात केली. पीक आलं की ऐपतीप्रमाणे घराघरातून ज्वारी गोळा व्हायची आणि गावाला कस्तुरबा रुग्णालयात सवलतीत उपचार मिळायचे. ज्याची ज्वारी त्या विम्यात गेली आहे तो माणूस रुग्णालयात विचारायला कचरत नाही.

आता मोर्शीकडे परत. संत्र्याच्या बागेत, कपाशीत, तुरीत काम करणाऱ्या माणसाला साप चावणं ही इथली नेहमीची भीती. घोणसला इकडे परड म्हणतात. ‘पान लागलं’ अशी बातमी येते, तेव्हा पहिला अर्धा तास कुठे जातो यावर जीव अवलंबून असतो. मांत्रिकाकडे गेला तर तो वाया गेला. उपकेंद्रात आणलं तर सेविका चावलेला भाग हलू देत नाही, पट्टी करकचून बांधली असेल तर ती सैल करण्याची घाई न करता रुग्णवाहिका बोलावते आणि डॉक्टरला फोन लावते. पुढे प्राथमिक केंद्रात किंवा मोर्शीला एक साधी पण फार कामाची चाचणी होते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटं मुळीच न हलवता ठेवायची. मग हलकेच तिरपी करायची. रक्त गोठलं नसेल, पातळच वाहत असेल, तर परडीचं किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलं आहे हे समजायचं आणि सर्पविषरोधक औषध सुरू करायचं. त्यासाठी कोणतं यंत्र लागत नाही. लागते ती काचेची नळी, घड्याळ आणि धीर. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली.

विंचवाची गोष्टही अशीच. कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागलेले डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालन्याचे. विंचू चावून डोळ्यांदेखत मरणारी मुलं पाहून त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध वापरून पाहिलं आणि त्यांचं संशोधन ‘लॅन्सेट’ने छापलं. गंभीर रुग्णांमधले मृत्यू शंभरातले चाळीस असायचे, ते एकावर आले. साध्या सरकारी केंद्रात बसून, रुग्णापाशी रात्रभर थांबून हे शोधलं गेलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

पूर्वी गावाला उपकेंद्र आठवायचं ते बाळंतपणाला आणि सुईला. आता आजारच बदलले आहेत. मोर्शीच्या कट्ट्यावर बसलेल्या चाळिशीच्या माणसांचा रक्तदाब मोजला तर त्यातल्या काहींना तो पहिल्यांदाच कळतो. साखरेचंही तसंच. आणि विदर्भाचा खास आजार म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून केलेली ही पुडी पोरासोरांपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या गालात असते. तोंड उघडेनासं होतं, आत पांढरा चट्टा येतो, आणि माणूस दाखवायला येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

यासाठीच २०१८ पासून उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसू लागले. अशा प्रकारचं देशातलं पहिलं केंद्र छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात जांगला इथे १४ एप्रिल २०१८ ला उघडलं. २०२३ च्या अखेरीस या केंद्रांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळालं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि तोंडाची, स्त्रियांच्या स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी इथे व्हावी, मोठ्या डॉक्टरांशी ‘ई-संजीवनी’वरून बोलणं व्हावं, अशी अपेक्षा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचारही मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. म्हातारीला रक्तदाबाची गोळी आणायला मोर्शीला जावं लागू नये, तिकिटाचे पैसे आणि बुडालेली मजुरी वाचावी, हा फायदा कागदावर छोटा दिसतो. ज्या घरात त्या खर्चापायी गोळी सुटायची आणि मग झटका यायचा, त्या घराला तो केवढा आहे हे विचारावं.

आकडे आशा देणारे आहेत आणि काळजीचेही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. माता मृत्यूचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाखामागे ३३, देशाचं तेव्हा ९७. हे मोठं यश आहे आणि त्यात उपकेंद्रातल्या बायांचा वाटा मोठा. पण त्याच पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. दवाखान्यापर्यंत बाई पोचू लागली, तिच्या ताटात मात्र अजून पुरेसं पडत नाही. लोहाच्या गोळ्या वाटणं सेविकेच्या हातात आहे. घरात सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरेल ते खाण्याची सवय मोडणं तिच्या एकटीच्या हातात नाही.

म्हणून लोकार्पण झाल्यावर गावातल्या बायका जो प्रश्न विचारतात तो नेमका आहे: ‘नर्सबाई राती राह्यते का?’ मागच्या दोन खोल्यांना पाणी नसेल, दाराला नीट कडी नसेल, आवारात दिवा नसेल, तर कोणतीही बाई तिथे एकटी मुक्काम करणार नाही, आणि तिने करावा असं म्हणायचा हक्कही कोणाला नाही. तिच्यावर ‘मुख्यालयी राहत नाही’ असा ठपका ठेवणं सोपं असतं. तिच्या लेकरांची शाळा, तिची सुरक्षितता, रात्री दारू पिऊन दाराशी येणारा माणूस, हे प्रश्न गावाने आपले मानले तर ती राहते. ज्या गावांत सेविका वर्षानुवर्षं टिकल्या आहेत तिथे शेजारच्या घराने तिला आपलं मानलेलं दिसतं.

त्यासाठी हातात एक साधन आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला जन आरोग्य समिती असते. सरपंच तिचे अध्यक्ष, प्राथमिक केंद्राचे वैद्यकीय अधिकारी सहअध्यक्ष, समुदाय आरोग्य अधिकारी सचिव. दवाखान्यासाठी मिळणारा अबंध निधी कुठे खर्चायचा हे ती ठरवते. अशा समितीपुढे येणारे विषय लहान असतात आणि सगळे जरुरीचे: बोअरचं पाणी टाकीत चढत नाही, इन्व्हर्टरची बॅटरी बसली, खिडक्यांना जाळी हवी, प्रतीक्षेच्या जागी सावली हवी, विजेचं बिल थकलं. हिवाळ्यात त्यात आणखी एक विषय येतो. आंबिया बहाराची संत्री तोडायला बाहेरून मजूर कुटुंबं येतात, बागेतच पाल टाकून राहतात, आणि त्यांची लेकरं ना इकडच्या यादीत असतात ना तिकडच्या. त्यांची नावं लिहायला आशा बागाबागांतून फिरते. बागाईतदारांनी तोडा सुरू व्हायच्या आधी कोणत्या बागेत किती कुटुंबं उतरणार हे उपकेंद्राला कळवलं, तर त्या लेकरांची लस चुकत नाही आणि आशाच्या पायपिटीचे चार दिवस वाचतात.